एका अंगठ्यापायी सोडलेली भाकर

सुकदेव म्हणाला, "आबा, तुम्ही सांगा, मी लिहितो." मी म्हटलं, रोग मला झाला, अंगठा माझा, लिहिणारही मीच. सुकदेव माझा मुलगा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. मी मराठी दुसरीत असताना मास्तरांशी भांडून घरी आलो तो परत गेलो नाही. तेव्हा ओळ तिरकी जाईल, पण खोटी जाणार नाही.

गोड लघवीचा आजार आता आमच्या भागात बराच ऐकू येतो. त्याचं मोठं नाव मधुमेह. नाव ऐकून माणसाला वाटतं की काहीतरी मानाचं मिळालं. तसं काही नाही. सध्या लढाईपायी साखर सगळ्यांनाच मोजून मिळते, म्हणून लोक रडतात. मला त्यांचं हसू येतं. मी लढाईच्या आधीच सोडून बसलोय. ज्याला हा आजार झाला त्याने हे वाचावं. ज्याला नाही झाला त्याने हसावं, पण हसून झालं की आपले पाय एकदा उजेडात धरून बघावेत.

तहान

मी तापीकाठचा पाटील. एका हिवाळ्यात मला तहान लागली. लोक शेकोटीला बसलेले आणि मी माठापाशी. पाणी प्यायचं, उठायचं, गोठ्यामागे जायचं, परत यायचं, परत पाणी. सदरे ढिले झाले. मी परटाला शिव्या दिल्या की कापड ताणून वाळवतोस.

आमच्या म्हातारीने, म्हणजे सुकदेवच्या आईने, एक दिवस विचारलं, "ओ सुकदेवना बाप, तुम्ही गोठामांगे जठे बसतस, तठेच मुंग्या का बरं येतस?"

मी म्हटलं, "पाटीलना घरमा मुंगीबी उपाशी ऱ्हास नही."

माझा चुलतभाऊ धोंडू अप्पा ओट्यावर बसला होता. त्याला देवाने जीभ दिली आणि काम द्यायचं विसरला. तो म्हणाला, "पाटील, यंदा ऊस लावू नको. गुळले तू एकलाच पुरशी."

सगळे हसले. मीही हसलो. त्याचं बोलणं किती खरं होतं ते पुढे कळलं, पण मी ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

माघात मी मोट हाकत होतो. मोट हाकणाऱ्याचं सगळं बळ पायाच्या अंगठ्यात असतं. बैल विहिरीकडे मागे मागे सरतात, तेव्हा उतरत्या धावेवर अंगठा रोवून उभं राहावं लागतं. अंगठा गेला की माणूस आणि बैल दोघेही विहिरीत. दिवस मावळता वहाण काढली तर सुकदेव ओरडला. बाभळीचा काटा उजव्या अंगठ्यात आरपार, आणि मला पत्ताच नाही.

मग मी काय केलं? चावडीवर जाऊन ऐट केली. "मन्हा पायले काटाबी घाबरस," म्हणून सांगितलं. काटा रुतला तरी कळत नाही हे शौर्य नसून दुखणं आहे, हे कोणाच्या बापाला ठाऊक?

हळद झाली, तूप झालं, बिब्बा झाला. होळी आली तरी जखम उघडीच. कडेने काळी पडू लागली आणि तिला वास येऊ लागला. सुकदेवने न विचारता गाडी जुंपली.

नळी

नंदुरबारचे डॉक्टर सुरतेकडचे गुजराथी, वयाने सुकदेवएवढे. मी पाय पुढे केला तर ते म्हणाले, "काका, आधी लघवी द्या."

मला राग आला. दाखवायला आणला पाय आणि हा माणूस मागतो भलतंच. पण दिली. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. कपड्याला घालायच्या निळीसारखं निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, मग भट्टीतून काढलेल्या विटेसारखं लाल.

मी म्हटलं, "रंग चांगला उतरला. सुनेच्या लुगड्याला चालेल."

डॉक्टर हसले नाहीत. माझ्या बोलण्यावर जो हसत नाही त्याच्यापुढे मला घाम फुटतो.

"काका, तुमच्या अंगात साखर फार झाली आहे. ती उतरली तर ही जखम भरेल. नाही उतरली तर अंगठा कापावा लागेल. आणि अंगठ्यावर भागलं तर देवाची कृपा समजा."

त्यानंतर ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मला समोर आमच्या मोटेची धाव दिसत होती, तिच्यावर बैल, आणि हाकायला कोणी नाही.

सुकदेवने विचारलं, "यावर काही औषध?"

"सुई आहे. मुंबईहून येते, रोज टोचावी लागते, थंड ठेवावी लागते. गावात बर्फ मिळतो?"

"आमच्याकडे बर्फ फक्त गारपिटीत," मी म्हटलं.

"मग तोंड सांभाळा. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, गूळ, साखर, सगळं बंद. भाजी खा, ताक प्या, अंडी खा, मटण खा."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बंद."

"आणि आंबा?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

रोजची एकादशी

गाडीत बसल्या बसल्या मला उजेड पडला. ज्वारी नाही, बाजरी नाही, गहू नाही, तांदूळ नाही. अरे, ही तर एकादशी! ती मी मिसरूड फुटल्यापासून धरत आलोय. डॉक्टर मला एकादशी शिकवणार?

घरी येऊन हुकूम सोडला. आजपासून मला रोज उपास. म्हातारीने कपाळावरचा पदर सारखा केला आणि कामाला लागली. सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. संध्याकाळी उकडलेली रताळी, शिंगाड्याची लापशी, वर दोन केळी. साखर मात्र नाही हं, पथ्य म्हणजे पथ्य. डॉक्टरांनी मटण आणि अंडी सांगितली होती, पण उपासाला मटण कसं खाणार? तेवढं मी माझ्या अकलेने गाळलं. उलट मनात म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं त्याहून कडक पाळतोय.

गावात माझं नाव झालं. बाया लांबून हात जोडून जायच्या. धोंडू अप्पा तर रोज खिचडीच्या वेळेला माझ्या तब्येतीची चौकशी करायला यायचा आणि ताट चाटून पुसून उठायचा. म्हणायचा, "पाटील, तुन्हा आजार मोठा गुणना शे."

फक्त तहान काही जाईना. मी म्हटलं, उन्हाळा आहे.

ठरल्या दिवशी डॉक्टरांकडे छाती काढून गेलो. नळी दिव्यावर धरली न धरली तोच लाल झाली. मागच्यापेक्षा लाल.

"काका! शुं खाधुं तमे?"

"काही नाही. उपास."

"उपासाला काय काय?"

मी सांगत गेलो. साबुदाण्यापाशी त्यांनी नळी खाली ठेवली. रताळ्यापाशी ते खुर्चीत बसले. केळी मी मुद्दाम हळू आवाजात सांगितली.

"अहो काका, हे सगळे भाकरीचे सख्खे भाऊ! तुम्ही बहिणीला दारातून घालवलं आणि सगळ्या भावांना घरात घेऊन पाट मांडले!"

मी म्हटलं, "भगर धान्यात धरत नाहीत. आमच्यात तशी रीत आहे."

"तुमच्यात असेल. पण लघवीला रीत कळत नाही."

याचं उत्तर मी अजून शोधतोय. मी आजही म्हणतो की पाळण्यात माझी कसूर नव्हती. खानदेशातल्या माणसाला पथ्य सांगायचं तर एकादशीचं आधी विचारून घ्यावं, हे डॉक्टरांना कळायला हवं होतं. तुम्हाला हा आजार झाला असेल तर एवढं लक्षात ठेवा. देवाला चालतं ते सगळं अंगठ्याला चालत नाही.

त्यांनी मला घरी सोडलंच नाही. सुकदेवने म्हातारीला माझ्यापाशी आणून ठेवलं.

दवाखान्यातले दिवस

दवाखान्याच्या मागे दोन खोल्या, त्यात खाटा. सकाळी उठल्यावर पहिलं काम नळी. मग कंपाउंडर यायचा आणि जखम धुवायचा. मला दुखत नव्हतं, म्हणून मी त्याच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचो, आणि म्हातारी तोंड फिरवून बसायची. दोघांत तिलाच जास्त दुखायचं.

जेवण डॉक्टरांच्या घरून यायचं. त्यांची आई कट्टर शाकाहारी. वाटीभर तांदुळजा, वाटीभर गिलकं, ताक. ताटात एवढी मोकळी जागा मी फक्त बारशाला रुसलेल्या जावयापुढे पाहिली होती. अंडी कंपाउंडर मागच्या पडवीत लपून उकडायचा आणि फडक्याखाली झाकून आणायचा. पाटील असून चोरासारखी अंडी खाल्ली.

शेजारच्या खाटेवर नवापूरकडच्या डोंगरातला एक ख्रिस्ती शेतकरी होता, सामुवेल. त्याचंही हेच दुखणं. त्याचा पाय गुडघ्याखाली कापलेला. माणूस हसरा. मला म्हणाला, "पाटील, मी मोहाची महुडी प्यायचीही सोडली नाही आणि गूळही सोडला नाही. शेवटी पायच मला सोडून गेला."

मी हसलो. एका दुपारी कंपाउंडरने त्याची पट्टी माझ्यासमोर सोडली. मग मी हसलो नाही. पाय जिथे संपत होता तिथे मांस विणल्यासारखं दिसत होतं, आणि सामुवेल त्याच्या पलीकडच्या रिकाम्या जागेला खाजवायला हात नेत होता. मी भिंतीकडे तोंड केलं. धोतराच्या सोग्यात स्वतःचा अंगठा मुठीत धरून पडून राहिलो. लहान पोर आंबा लपवतं तसा. म्हातारी पंखा हलवत राहिली.

भीती वाटली, हे मी लिहितोय. सुकदेवने लिहिलं असतं तर त्याने हे गाळलं असतं.

मग एका सकाळी नळी लाल झाली नाही. पिवळी झाली. पुढे हिरवट. कंपाउंडर ती नळी घेऊन असा आला, जसं सुईण बाळ दाखवायला आणते. सामुवेलने खाटेवरून टाळ्या वाजवल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, "श्रावण संपला की या. तोवर जखम बुजली तर ठीक. नाहीतर मी जास्त थांबणार नाही."

घर

बरोबर एक नळी आणि निळ्या औषधाची बाटली दिली होती. सुकदेव कंपाउंडरकडून शिकून आला होता. घरी आल्यावर त्याने ती नळी चुलीकडे नेली मात्र, म्हातारी पळी घेऊन आडवी उभी राहिली.

"ती मुतनी नळी मन्ही चूलवर? जठे मी निवद करस तठे? मन्हा पोटना आंडोर शे का कोन शे तू?"

शेवटी गोठ्यात तीन दगड मांडून माझी वेगळी चूल झाली. सकाळी सकाळी सुकदेव तिथे बसायचा आणि जाणारे-येणारे कुंपणावरून विचारायचे, "आज कोनता रंग?" कापसाच्या भावासारखी बातमी गावभर जायची. "आज पाटील हिरवा शे."

भाकर सोडणं म्हणजे काय, हे भाकर खाणाऱ्यालाच कळेल. भूक लागत नाही असं नाही. पोट भरतं. वांग्याचं भरीत भरपूर, वर कांद्याची पात, मेथी, भेंडी, ताक, आठवड्याला काळ्या मसाल्याचं मटण. पण रस्सा समोर आला की माझा हात आपोआप ताटाच्या डाव्या बाजूला जायचा, चुरायला. तिथे काही नसायचं. मी रस्सा वाटीने प्यायला लागलो. धोंडू म्हणाला, "पाटील, बैलबी पेंड खास तर संगे कडबा खास."

लोक भेटायला यायचे आणि म्हातारीला विचारायचे, "पाटील जेवना का?" ती म्हणायची, जेवले. "भाकर खादी का?" नाही. "मंग काय जेवना?" पोटभर खाऊनही आमच्या गावात मी उपाशीच होतो. आंब्याच्या दिवसांत तर मी अढीकडे पाठ करून बसायचो. डोळे वळवता येतात, पण नाक कुठे वळवणार?

एक दिवस भरीत जरा घट्ट लागलं. चवीला फारच बरं लागलं. दुसऱ्या दिवशी नळी पिवळी. सुकदेवने माझ्याकडे पाहिलं, मी म्हातारीकडे पाहिलं. तिने भाकर बारीक चुरून भरतात कालवली होती.

मी ओरडलो. सगळं गाव ऐकेल असा ओरडलो. ती आजवर माझ्यापुढे कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"तुमना हात रोज ताटमा भाकर धुंडस. मन्हाघाई देखाय नही! मी भाकर दिधी, जहर नही दिधं!"

"आते भाकरच मन्हं जहर शे!"

"मंग मी करू तरी काय? इतला वरीस भाकरच करत उनू!"

पुढे दोघांचाही अबोला. ती सुनेकडे बघून सांगायची, "तुन्हा सासराले सांग, ताक ठेयेल शे." मी बैलाकडे बघून सांगायचो की मिळालं. आजार एकाच्या अंगात असतो, पण घरातल्या सगळ्यांचं जेवण त्याच्याभोवती फिरतं. हे मला तेव्हा उमजलं. भाकर मात्र परत कालवली गेली नाही. पावसाळ्यात जखम घेवड्याच्या दाण्याएवढी उरली. पण उघडीच.

कानबाईचा रोट

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घेतात, त्याचे पुरण घातलेले रोट होतात, आणि ते भाऊबंदांनीच संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत.

म्हातारीने अबोला मोडला. सूप हातात धरून दारात उभी राहिली.

"तुमना नावना गहू मोजू का नको?"

मी काही बोलायच्या आत धोंडू म्हणाला, "जिवता माणूसना गहू सोडतस का, वहिनी?"

नाव गळतं ते मेलेल्याचं. गहू मोजले गेले.

पंगत बसली. माझ्या ताटात माझ्या नावाचा रोट. खापरावर भाजलेला, वर तुपाची धार, वेलदोड्याचा वास. भाऊबंद थांबलेले, मी सुरू केल्याशिवाय कोणी घास उचलेना. धोंडू कानाशी लागला, "एकच तर शे. देवीना परसादनी साखर नही चढत, भो."

खरं सांगतो, मला पटलं. हात पुढे गेला. पुरणाची ऊब बोटांना लागली. भगर जशी मी मनाने धान्यातून काढली होती, तसाच हा रोटही एका क्षणात साखरेतून काढून टाकला होता. सुकदेव समोर बसला होता. तो माझ्या पायाकडे बघत होता.

मी ताट उचललं आणि उठलो. पंगतीत चुळबूळ झाली. सरळ चुलीपाशी गेलो. म्हातारी खापरापुढे घामाघूम बसली होती.

"हाई तुन्हं," मी म्हटलं.

"मन्हं? तो तुमना नावना शे."

"तू या घरनी नही का? तू खादं म्हंजे भाऊबंदकीनंच खादं."

ती हात मागे घेऊ लागली. तेवढ्यात सून बोलून गेली, "आबा, त्या नही खावाव. त्यासनी गूळ सोडेल शे. तुमना पाय बरा व्हस नही तवलोंग."

म्हातारीने सुनेकडे असं पाहिलं की खापर थंड पडावं.

मला ठाऊकच नव्हतं. अख्खा आंब्याचा हंगाम मी अढीकडे पाठ करून बसलो होतो, आणि माझ्या पाठीमागे ती गुळाकडे पाठ करून बसली होती.

आता आली पंचाईत. मी खाल्ला तर अंगठा जातो, तिने खाल्ला तर नवस मोडतो, कोणीच नाही खाल्ला तर देवी कोपते. मी म्हटलं, "गूळ कोनासाठे सोडा? देवीसाठे. रोट कोनना? देवीना. तिन्हं तिले कळी. तोंड उघड."

भाऊबंदांच्या देखत मी बायकोच्या तोंडात घास घातला. आमच्या सात पिढ्यांत असं झालं नसेल. पंगतीत कोणीतरी खोकलं. धोंडूच असणार. तिने डोळे मिटून खाल्लं. रोट चांगला झाला होता. तिच्या तोंडावरून कळलं मला.

श्रावणानंतर

श्रावण संपताच नंदुरबारला गेलो. या खेपेला म्हातारी हट्टाने बरोबर आली, कमरेला एक गाठोडं खोचून. दवाखान्याच्या दारात तिने ते हळूच उघडलं. आत पांढरं कोरं फडकं होतं. मी विचारलं, हे काय? ती खाली बघून म्हणाली, "कापाच तर आंगठा तठे टाकू नका. आपला शे तो. यामा बांधी लेसूत, आपला वावरमा ठेवसूत."

मला हसावं की रडावं कळेना. मी तिला बाहेर बसवलं आणि आत गेलो.

आधी नळी. नळी निळी ती निळीच राहिली. डॉक्टरांनी ती दिव्यावर जरा जास्तच वेळ धरली, त्यांचा विश्वास बसत नसावा. मग माझा पाय मांडीवर घेतला. अंगठा दाबला, वळवला, भिंगातून पाहिला. जखमेच्या जागी गुलाबी, चकचकीत कातडी आली होती. मी छताकडे बघत होतो.

"काका," डॉक्टर म्हणाले, "हा अंगठा तुमचा. घरी घेऊन जा."

बाहेर आलो. म्हातारी उठून उभी राहिली. तिची नजर माझ्या तोंडावर नव्हती, पायावर होती. मी पाय पुढे करून अंगठा हलवून दाखवला. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मग लगेच उठली, कारण रस्त्यावर लोक बघत होते.

परतीच्या वाटेवर बाजार लागला. मेथी ताजी आली होती, आणि आम्ही पिशवी आणली नव्हती. त्या पांढऱ्या फडक्यात आम्ही मेथी बांधून घरी आणली.